वडप्याच्या नाक्यावर ओवाळणी

“आला रं, आपलाच फुडं हाय!” चिंचेवरचा माणूस ओरडला आणि अख्खं वडपे रस्त्यावर सांडलं. कापड विणायच्या लूमच्या तेलाचा वास आला की अजून ती हाक कानात घुमते. मुंबईहून दिल्लीला टप्प्याटप्प्यानं जाणारी ती सायकल शर्यत, सत्तरच्या दशकातली. तीत आमच्याच लूमवरचा एक गडी होता. वर नंबर आला तर सरकारी नोकरी मिळणार, म्हणून महिनाभर त्याच्या शिफ्टा आम्ही ओढल्या. आणि गावानं वाट तर अशी पाहिली की कोंबडेसुद्धा आरवायचं सोडून हायवेकडे माना वळवून बसत. तो बाणासारखा आला, तोच त्याची आई ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मुलखाबाहेर निघालेला माणूस ओवाळल्याशिवाय आमची वेस ओलांडत नाही. त्यानं ब्रेक दाबला, उतरला, मान वाकवली. आम्ही खुळ्यासारख्या टाळ्या पिटल्या. कुंकू लागेतो मागचा घोळका सूंकन निघून गेला, आणि आमच्या गड्याला तो पुन्हा कधीच गाठता आला नाही. जन्मभर लूमवरच राहिला, आता तोही गेला. त्या संध्याकाळी मी त्याच्या आईला म्हटलं होतं, “काकी, त्याला थांबवायला नको होतं.” ताट घासता घासता ती म्हणाली, “बरा झाला थांबला. पोर किती धापा टाकीत व्हता.”