हिरवा की पिवळा

रत्नागिरीत राहून समुद्राचं मीठ पाकिटातून मागवणारं आमचं एकच घर असेल. शेजारीण म्हणाली, मांडवीच्या किनाऱ्यावर जा, समुद्राचं पाणी दोन कळश्या भरून आणा, फुकट. ह्यांनी तिला बंदरातल्या पाण्यावरचा डिझेलचा तवंग समजावून सांगितला, मध्ये मध्ये दम खात. ती गेल्यावर मी म्हटलं, कशाला एवढा श्वास खर्च करता लोकांवर?

फुप्फुसं निकामी होत चालली होती ह्यांची. रोज संध्याकाळी जेटीवर जाणारा माणूस बाहेरच्या खोलीत खाटेवर आला, आणि गणपती गेल्यावर त्याच कोपऱ्यात, खाटेसमोर, काचेची टाकी आली. खाऱ्या पाण्यातल्या माशांची, ते पाकिटातलं मीठ हिच्याच पाण्यासाठी. भोकाभोकांचे दगड रचले, पंप लावला, निळा दिवा लावला. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, दिवाळी दिसली तर नशीब. मला एवढंच हवं होतं, ह्यांनी त्या टाकीत मासे फिरताना बघावेत.

आणि ह्यांचं म्हणणं, पाणी आधी मुरायला हवं. आत एक कोळंबी टाकायची, ती सडू द्यायची. ती घाण खाणारे जंतू दगडांत वस्तीला येतात, मग कुठे मासे सोडायचे. मासेवालीकडे एकच कोळंबी मागितली आणि कशाला ते सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. कोळंबी सडवायला नेणारी तूच गो पहिली, म्हणाली.

रोज सकाळी टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाण्यात अजून विष आहे, पिवळं झालं तर मासे आणायचे. हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उजेडात करायची. बाहेरून आवाज यायचा, हिरवा की पिवळा? रोज मेला हिरवाच. खोलीत दोन यंत्रं बुडबुडत असायची, एक ह्यांच्या नाकाला हवा देणारं, दुसरं न आलेल्या माशांसाठी. मी चिडायची. एकदा म्हटलं, आणते दोन नारिंगी मासे, मेले तर मेले, बघून तरी घ्याल. त्यावर ह्यांनी भिंतीकडे कूस वळवली. संध्याकाळी म्हणाले, "गुदमरणं काय असतं ते मला विचार."

नवरात्रात अन्न जाईनासं झालं. एका सकाळी नळी हिरवीच होती. मी बाहेर येऊन शांतपणे सांगितलं, पिवळा. हसले हो.

"खोटं बोलतेस. पिवळा झाला असता तर तू धावत आली असतीस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेले.

तेरावं झालं, माणसं पांगली, मुलगी मुंबईला परतली. हवेचं यंत्र भाड्याचं होतं, ते नेलं. टाकीचा पंप मात्र चालूच होता. मी रोज सकाळी उठून नळी भरत राहिले. दुसरं काय करायचं होतं मला?

वसुबारसेच्या सकाळी थेंब टाकले, नळी हलवली, उजेडात धरली. हिरव्याचा मागमूस नव्हता. मी धावले. साठीची बाई, ओल्या लादीवरून, हातात नळी घेऊन धावत बाहेरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "पिवळा झाला हो!"

खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती.