टपासकट: सुरत ते साक्री, घर पाहायला

मुलाकडचे येऊन पोहे खाऊन गेले, पत्रिका जुळली, आता आपण घर पाहायला जायचं, असं मामाने जाहीर केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खानदेशात 'घर पाहायला जाणे' म्हणजे मुलीकडच्या पुरुषांनी मुलाच्या घरी जायचं, खोल्या किती, शेत केवढं, विहिरीला पाणी आहे का ते पाहायचं आणि जेवून यायचं. मुलीने जायचं नसतं. जन्म तिने काढायचा आणि खोल्या मामाने मोजायच्या! तरी मी गेले, कारण आमची गाडी माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नव्हती.

"ट्रॅव्हल्सने जाऊ ना दाजी," मामा पप्पांना म्हणाला. "एसीत बसू, झोपून जाऊ."

पप्पा म्हणाले, "बसने गेलो तर नुसते पाहुणे गेले. गाडीने गेलो तर पोरीने काय केलंय ते त्यांना दिसेल."

हे वाक्य नीट वाचून ठेवा. सगळा प्रवास या एका हौसेपायी झाला.

तर गाडी. पन्नासच्या दशकातली, विलायती, गोल पाठीची. कंपनी आणि मॉडेल सांगणार नाही. मागे एकदा सांगितलं होतं, तर कमेंटमध्ये इतके तज्ज्ञ गोळा झाले की विचारू नका. त्यातल्या एकाच्याही नखात कधी ग्रीस गेलेलं नसावं. पप्पा ज्या लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, फिटर होते, तिथे मागच्या शेडमध्ये ती उभी होती. खातं बंद झालं, माग भंगारात गेले, आणि भंगारवाला गाडीकडे वळायच्या आत पप्पा मालकाकडे पोचले. टेम्पोवर घालून नवागामला आणली. आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक आणि पुढे पत्र्याची पडवी. गाडी पडवीत गेल्यावर आई घरात तिरकी होऊन शिरायला लागली, ती आजतागायत तिरकीच शिरते.

असं काही करायचं मनात असेल तर एक कामाची गोष्ट. या गाड्यांचे नटबोल्ट इंचाचे असतात. बाजारातल्या मिलिमीटरच्या पान्याने खेचाल तर डोकी गोल करून ठेवाल आणि मग रडाल. जुन्या मागांचे बोल्टही इंचाचेच, त्यामुळे पप्पांची पान्यांची पेटी आम्हाला जशीच्या तशी चालली. पप्पांचा हात जाड, म्हणून कार्ब्युरेटर, ब्रेक, वायरिंग सगळं माझ्याकडे. मी पर्वत पाटियाजवळ एका ऑफिसात साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करते, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर बुट्टे आणि घरी आल्यावर पडवीत ब्रेक. यात सगळ्यात जास्त जीव घेतला तो टपाने. शेडमध्ये वरून पाणी गळून गळून टपाची चाळणी झाली होती. पप्पांनी वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याला गोलाई आणली, मी कानशीने घासला, जोडला, परत घासला. त्यानंतर गल्लीतलं कोणी टपाला कोपर टेकवलं तरी पप्पा आतून ओरडायचे, "ए! हात!"

एकच बट्टा लागला. दरवाजांची हँडलं आणि चाकांच्या टोप्या चमकवायला कतारगामला एका जरीवाल्याच्या ओळखीत दिल्या. त्याचा धंदा तारेवर सोनेरी मुलामा चढवायचा. त्याने आम्हाला न विचारता सगळं सोनेरी करून दिलं! मी भांडायला गेले तर म्हणतो, "सफेद तो वासण जेवुं लागे, बेन." पांढरं म्हणे भांड्यांसारखं दिसतं. परत करून द्यायलाही तयार होईना, त्याला स्वतःचं काम फारच आवडलं होतं. तेव्हापासून आमची गाडी लग्नाच्या घोडीसारखी दिसते.

मार्चअखेरची सकाळ, उजाडता उजाडता निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी पप्पा, मागे मामा आणि मिठाईचे खोके. डिंडोलीतून कडोदऱ्याला बाहेर पडेपर्यंतच डोक्याचा भुगा. या गाडीचा इंडिकेटर म्हणजे दरवाजामागून बाहेर उठणारा एक छोटा पिवळा हात. सुरतच्या रिक्षावाल्यांना डोळे मारणारा इंडिकेटर कळत नाही, हा कुठून कळणार? एक जण तो हात बघून जवळ आला आणि पत्ता विचारून गेला.

बारडोलीला थांबून पातरा खाल्ला, म्हणजे आपली अळूवडीच. मोहरी-तिळाची फोडणी, वर ओलं खोबरं, गरमागरम. तिघांचं चहासकट दीडशेत भागलं. हा टप्पा चुकवू नका, कारण पुढे हायवेच्या हॉटेलात जे मिळतं त्याला केवळ गरम असल्यामुळे अन्न म्हणायचं. व्यारा, सोनगड, रस्ता झकास, चारपदरी, पण चारपदरी कोणासाठी? आम्ही पन्नासच्या वर जात नाही. प्रत्येक ट्रकवाला शेजारी येऊन हॉर्न वाजवतो, मान बाहेर काढून हसतो. टोलनाक्यावर आमच्या काचेवरचा टॅग काही वाचला जाईना, तेव्हा रोख दुप्पट भरले. वर तो पोरगा म्हणतो, "दूल्हा किधर है?"

मामाने मागून बोट दाखवलं, "उधर साक्री में."

मी म्हटलं, "मामा, तोंड बंद."

नवापूर ओलांडलं आणि ऊन चढलं. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. सोबतच्या गाड्यांना तो घाट आहे हे कळतसुद्धा नाही. आम्हाला कळला. निम्म्यात एका उसाच्या ट्रकमागे रखडत चढताना गाडीने दोन आचके दिले आणि बंद. कारण ठरलेलं, उन्हाने पेट्रोल ओढणारा छोटा पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन उपाशी मरतं. मामा ओरडला, "ओ माय! हाई काय व्हयनं?" मी त्याच्या खांद्यावरचं नवंकोरं उपरणं ओढलं, बाटलीतल्या पाण्यात बुचकळलं आणि पंपावर गुंडाळलं. खास घर पाहायला घेतलेलं उपरणं ते! मामाने घाटात कपाळावर हात मारून घेतला. पंप थंड झाला, पप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत म्हटलं, "चल." हात पुसायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी तशीच काळ्या हातांनी बसले.

दहिवेलला जेवायचं नाही, मुलाकडे जेवण आहे, असा मामाचा हुकूम होता. साक्रीच्या अलीकडचं गाव, नाव लिहीत नाही. तीन मजली घर, पुढून काच, काचेवर मोर. दारात बंगल्याएवढी काळी गाडी, तिच्या पाठीवर आडनाव. आम्ही थांबलो तसे सगळे बाहेर आले. मी स्टिअरिंगवरून उतरले तेव्हा बायकांमध्ये जी कुजबुज झाली ती मला स्वच्छ ऐकू आली, "आंडेर स्वतःच उनी?" मुलगी स्वतःच आली? आणि नंतर सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर.

मुलाच्या वडिलांनी घर दाखवलं. एसी किती, बाथरूम किती, टाइल्स कुठून आणल्या. देवघरातसुद्धा एसी. देव काय घामाघूम होत होते? मुलगा नाशिकला कंपनीत आहे, दिसायला बरा, बोलायला मऊ. त्याने मला विचारलं, "तुम्हीच चालवत आणली?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "ग्रेट." मला वाटलं, पुढे काही तरी विचारेल. त्याने फोन काढून गाडीसोबत स्वतःचा फोटो काढला.

जेवण मात्र उत्तम होतं. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. त्यात खोट काढणार नाही, खोटं कशाला बोलू.

जेवून सगळे पान खात गाडीभोवती जमले. पप्पांचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. याच क्षणासाठी ते इतक्या लांब दुखरा गुडघा धरून बसून आले होते. त्यांनी बॉनेट उघडलं, म्हणाले, "हे सगळं पोरीचं काम आहे. वायरिंग, ब्रेक, कार्ब्युरेटर, सगळं." कोणी आत बघितलं नाही. मुलाचे वडील सोनेरी हँडलावरून बोट फिरवत होते.

"वा! म्हणजे तुम्ही वरातीचीच तयारी करून ठेवली की!" ते म्हणाले. मग त्यांनी वर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. "फक्त हा टप कापून टाका. नवरदेव उभा राहिला पाहिजे. गावाला दिसला पाहिजे ना!"

मुलाने लगेच फोनवर एक फोटो शोधला. टप कापलेली कुठली तरी बिचारी गाडी, आत सिंहासन, सिंहासनावर गॉगल घातलेला नवरदेव. "असं," तो म्हणाला. "सुरतला गॅस कटरने अर्ध्या दिवसात होईल."

मी तोंड उघडलं. सांगणार होते, की बाबा रे, या गाडीला खाली वेगळी चौकट नाही, टप काढला तर ती मधोमध वाकेल, दरवाजे लागणार नाहीत. मामाने माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून.

आणि पप्पा हसले. ज्या माणसाने कोपर टेकवू दिलं नाही तो माणूस हात जोडून म्हणाला, "हो हो. कापता येईल. का नाही? तुम्ही म्हणाल तसं."

मी पप्पांना कोणापुढे असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खात्याच्या मालकासमोरसुद्धा नाही. मालकाला ते तोंडावर सांगायचे, हा माग आज चालणार नाही, काय करायचं ते करा. इथे एका पान थुंकणाऱ्या माणसापुढे, ज्याने बॉनेटमध्ये डोकावूनही पाहिलं नाही त्याच्यापुढे, पप्पा वाकले. कारण काय, तर ते मुलीचे बाप. इतका संताप आला मला, डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी जाऊन गाडीत बसले. लोकांना वाटलं, मुलगी लाजली. धन्य!

परतीच्या प्रवासात मामा मागे घोरत होता. उपरणं खिडकीला वाळत घातलं होतं. घाट उतरलो, नवापूर गेलं. सोनगडच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. चहा दहा रुपये, नुसती साखर. पप्पा गाडीला टेकून उभे राहिले नाहीत, नेहमीसारखे जरा लांब उभे राहिले. मग स्वतःच म्हणाले, "पतरा शे, बेटा. पतरा कापता येस." पत्राच आहे, पत्रा कापता येतो.

मी म्हटलं, "माले त्या घरमा नही जानं."

"टपापायी?"

"टपापायी नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून. तुम्हाला हो म्हणावं लागलं म्हणून. आज टप, उद्या माझी नोकरी, परवा आणखी काही, आणि तुम्ही प्रत्येक वेळी हात जोडून उभे. मला नाही बघवत, पप्पा."

पप्पांनी चहा अर्धा टाकून दिला आणि गाडीत जाऊन बसले. कडोदऱ्यापर्यंत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, पुढे म्हैस आहे हे सांगायला.

घरी पोचलो. पेट्रोल, टोल, खाणं मिळून बसच्या तिकिटांपेक्षा बरंच जास्त गेलं, आणि वेळ दुप्पट. हिशेब विचारणाऱ्यांसाठी एवढंच. उन्हाळ्यात जुनी गाडी घेऊन या रस्त्याने जायचं असेल तर घाट सकाळी गाठा.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. तिकडून होकार आहे, मुलगी पसंत आहे, तारखा काढू. पप्पा फोन घेऊन गल्लीत गेले. मी पडवीतच होते, सगळं ऐकू येत होतं.

"नाही, मीच नाही म्हणतोय. गाडी कापायची नाही मला. हां, टपापायी. हां, येडा म्हणा. पोरगी तयार होती हो, तिचं काही नाही. माझंच मन होईना."

आत आले, फोन ठेवला, आईला म्हणाले चहा टाक. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कळायला थोडा वेळ लागला. नकार मुलीने दिला असं झालं असतं, तर मुलगी शेफारलेली, मुलगी हट्टी, शहरात वाढलेली, असं नाव आमच्या समाजात माझ्यामागे लागलं असतं. ते त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं.

आता सुरतपासून धुळ्यापर्यंत पप्पांचा विनोद झाला आहे. लग्नाकार्यात कोणीही भेटतं आणि विचारतं, "काय हो, पत्र्यापायी जावई सोडला म्हणे?" पप्पा हसतात, म्हणतात, "हो ना, येडाच मी." नात्याच्या ग्रुपवर तर चित्रं फिरतात, गाडीला मुंडावळ्या बांधलेली, शेजारी पप्पांचा फोटो. अक्षता टाकायला जमलेल्या या सगळ्या शहाण्यांना पोटभर हसून झालं असेल, तर आता ऐका.

नकार माझा होता. सोनगडच्या पुढच्या टपरीवर, पूर्ण शुद्धीत, मी दिला. टप असता काय, नसता काय, मी त्या घरात गेले नसते. माझ्या बापाला पत्र्याचं वेड नाही. तो माझ्यासाठी पत्रा कापायला निघाला होता, आणि मी नको म्हटल्यावर माझ्यासाठीच वेडा व्हायला तयार झाला. शेफारलेली, हट्टी, जे म्हणायचं ते मला म्हणा. समोर येऊन म्हणायचं असेल तर नवागामला या. रविवारी मी घरीच असते, गाडीखाली.