वाळवी आणि आईची लुगडी

कॉलेजात अकरावीला वाळवी शिकवताना मी आधी बॉलपेनाने कागदावर एक गोल काढते. त्यावर वाळवीचे किडे सोडले की ते मुकाट त्या रेघेवरून फिरत राहतात. कामकरी वाळवी आंधळी असते. पोटाखालच्या ग्रंथीतून झिरपणाऱ्या गंधामागे ती चालते, आणि काही पेनांच्या शाईत त्या गंधाची नक्कल करणारं रसायन असतं. मुलं खिदळतात. मग मी सांगते, की आपलं कोण आणि परकं कोण हेसुद्धा त्यांना अंगाच्या वासावरूनच कळतं. इतकी वर्षं हे नुसतं तोंडाने बडबडत आले मी.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबांनीच तिला अग्नी दिला आणि महिन्याभरात ते विसरूनही गेले. गिरणीतले जुने दिवस त्यांना लख्ख आठवतात, हे मात्र नाही. चारकोपच्या आमच्या घरात रोज दुपारी चारला ते कासावीस व्हायचे. "खंय गेली ती?" म्हणत भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा उघडायचे. तिथे आईची लुगडी होती. बाहेर नेसून गेलेलं लुगडं ती लगेच धूत नसे; वाऱ्यावर टाकायची आणि घडी घालून परत ठेवायची. बाबा त्या घड्यांत तोंड खुपसायचे. "हंयच आसा," म्हणायचे आणि निवांत चहा प्यायचे.

यंदा गणपतीनंतर त्या कप्प्याच्या प्लायवर मातीची बारीक नळी दिसली. आतली दोन लुगडी चाळण झालेली. माझं डोकंच फिरलं. मेल्यांना आईचीच लुगडी सापडली! पेस्ट कंट्रोलवाल्याने भिंतीला भोकं पाडून औषध सोडलं. जाताना म्हणाला, "मॅडम, कपडे पण धुऊन टाका ना, माती लागलीय." मी उरलेली सगळी लुगडी गरम पाण्यात साबण घालून भिजवली. काळं पाणी निघालं तर मला कोण आनंद! गच्चीवर कडक वाळवली, डांबराच्या गोळ्या घालून रचून ठेवली, आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी चारला बाबांनी कप्पा उघडला. एक लुगडं हुंगलं, मग दुसरं.

"ही तिची न्हय."

"बाबा, तिचीच आहेत. हे बघा, हिरवं, लग्नाला नेसायची ते."

"न्हय."

मी एका पदराला खोबरेल चोळलं, आईची पावडर शिंपडली. त्यांनी ते हुंगून बाजूला सारलं. ज्या बाईने जन्मभर वासाचं शास्त्र शिकवलं, तिनेच आपल्या हाताने आईला मोरीत सोडून दिलं. मला स्वतःची शिसारी येते.

आता ते मला विचारतात. मी सांगते, बाजारात गेलीय, येईल. ते माझं ऐकून घेतात, कपाटाशी जातात, वाकून हुंगतात.

"नाय गो," म्हणतात, "ती गेली."

मग खाली बसून रडतात, आत्ताच कळल्यासारखे. उद्या चारला त्यांना पुन्हा कळेल.