आईच्या खोलीतला एसी

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी आईच्या खोलीत वीज वाचवणारा एसी बसवला. खोलीत हालचाल जाणवली नाही, की तो आपोआप बंद होतो.

एका दुपारी ऑफिसातून लवकर आले. खोली भट्टीसारखी तापली होती. बाबा गेल्यापासून आई तासन्‌तास बसून असते, तशीच खुर्चीत निश्चल बसली होती. मी घाबरून हाक मारली. तिनं मान वळवली आणि एसी सुरू झाला.

"अगं, हात तरी हलवायचास!"

"त्याला वाटतं खोलीत कोणी नाही," ती शांतपणे म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

मी ती सोय लगेच बंद करून टाकली. आता खोली दिवसभर गार असते. तरी रोज दार उघडताना त्या गारव्याचीच भीती वाटते. आत कोणी असो वा नसो, तो तसाच असणार.