दरोडेखोराची खापरपणती

खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले म्हणजे ते क्रांतिकारकच, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. मी राहते त्या इंग्लंडमधल्या रीडिंगहून लंडनच्या अर्काइव्हला, जुनी सरकारी कागदपत्रं चाळायला, खेपा घातल्यावर मला कळलं, त्यांनी दरोडा घातला होता. सुटल्यावर ते अंदमानातच राहिले. एका कैदी बाईशी लग्न करून त्यांनी शेती केली. आम्ही त्या दोघांचे.

"तिथल्या मराठी मंडळात हे बोलू नकोस," काका फोनवर म्हणाले. "काळं पाणी एवढंच सांग. बाकीचं लोक समजून घेतात."

गणपतीत मंडळाने मला क्रांतिकारकाची वंशज म्हणून स्टेजवर बोलावलं. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. मग माइक घेऊन म्हणाले, "नमस्कार. मी दरोडेखोराची खापरपणती."

वाजलेल्या टाळ्या कुणाला परत घेता आल्या नाहीत.