दोनाच्या आधी दहा

आमची धाकटी सून चष्म्याच्या दुकानात कामाला. फळीवर डब्या गिऱ्हाइकांच्या नंबरानं ओळीत लावलेल्या. संगणकाच्या यादीत गिऱ्हाईक ज्या जागी, फळीवरची त्याच जागची डबी ती उचलायची. नाव वाचायची सवयच नव्हती. परवा संगणकातलं सॉफ्टवेअर नवं आलं आणि ते आकडे अक्षरांसारखे लावायचं, म्हणून यादीत एकाच्या मागोमाग, दोन नंबराच्या आधी दहा नंबर जाऊन बसला. दहा नंबरचं गिऱ्हाईक एक बस ड्रायव्हर; त्या बसवाल्याच्या नाकावर दोन नंबरच्या आजीबाईंचा चष्मा चढला. लक्षात आलं, तशी सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. हा असाच बस हाकायला गेला तर? धावत बाहेर आली, तो बसवाला दारातच बसलेला.

"ताई, तुमची पायरी डोलतेय. थांबली की उतरतो."

सुनेचा जीव भांड्यात पडला. "बसा दादा, हलूच नका!"

आता यादी कशीही लागो, डबीवरचं नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय ती डबी कुणाच्या हाती देत नाही.