पाटीसमोरचा खड्डा

मावळातल्या आमच्या शाळेत अकबरी मावशी खिचडी शिजवतात. दर जूनला पर्यावरणाचं परिपत्रक येतं: झाड लावा, फोटो पाठवा. फोटोत शाळेची पाटी दिसलीच पाहिजे. म्हणून आम्ही शहाणे शिक्षक पाटीसमोरच्या त्याच खड्ड्यातलं गेल्या वर्षीचं रोप उपटून नवं लावतो. उपटलेलं रोप मावशी पोर उचलावं तसं पदरात घेऊन जातात.

यंदा तपासणीला साहेब आले. "मागच्या सहा वर्षांची झाडं कुठंयत?"

मावशींनी साहेबांना स्वयंपाकखोलीमागं नेलं. तांदळाच्या धुवणावर वाढलेल्या सहा झाडांच्या सावलीत मुलं जेवत होती.

"अहो, मग यांचा फोटो का नाही पाठवला?"

एका पोरीच्या ताटात खिचडी वाढत मावशी म्हणाल्या, "हितं पाटी दिसत न्हाई, साहेब."